येरवड्याची भाकरी

१२ मे, रविवार

स्पृहा आज संध्याकाळी परत आली. सत्तावीस दिवस आजोळी होती. जाताना वजन अठरा किलो चारशे ग्रॅम, आल्यावर एकोणीस किलो सहाशे. मी काटा दोनदा शून्यावर आणून पुन्हा उभी केली. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, काट्याने मला कधी फसवलेलं नाही. बाराशे ग्रॅम! माझ्याकडे अख्ख्या वर्षात पोरगी सातशे ग्रॅम वाढली होती.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी जळफळाट झाला. वही माझी आहे, कोणी वाचणार नाही, म्हणून खरं ते लिहितो.

"तिकडे काय काय खाल्लंस?" मी विचारलं.

"भाकरी! आजी मोठ्ठी करते. आणि लसणाची चटणी, आणि भात. आजोबा, मी दोन-दोन भाकऱ्या खाते."

आजी म्हणजे नंदाताई. माझ्या सुनेच्या, शर्मिलाच्या आई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, येरवड्याला राहतात. त्यांच्या यजमानांना, सीतारामरावांना साखर आहे, म्हणून चार वर्षं त्या घरात पोळी नाही, बिस्कीट नाही. सगळं ज्वारीवर. म्हणजे मधुमेहाचं पथ्य आठ वर्षांच्या मुलीला, आणि मुलगी ते मिटक्या मारत खाते.

माझी बायको नीरजा गेल्यानंतर मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पोळ्या शिकलो. पहिले सहा महिने सगळे खंडांचे नकाशे झाले. आता घडीच्या पोळीला असे पदर सुटतात की सोसायटीतल्या बायका विचारतात, कोणत्या बाई येतात हो तुमच्याकडे? गहू मी स्वतः पारखून आणतो, गिरणीत समोर उभा राहून दळून घेतो. त्या पोळीचा स्पृहा चतकोर मोडते आणि "पोट भरलं" म्हणते. येरवड्याची भाकरी म्हटलं की पुण्यात लोकांना तुरुंगच आठवतो, आमची नात ती मागून घेते.

१९ जून, बुधवार

वजन अठरा किलो नऊशे. महिन्यात सातशे ग्रॅम गेले.

शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले आणि बाईंची चिठ्ठी आली, वर्गात झोपते म्हणून. घरी चिडचिड. काल वेणी नीट आली नाही म्हणून कंगवा भिरकावला. तोंड आलंय. पोट टम्म, आणि तीन-तीन दिवस परसाकडे होत नाही. मी सकाळी गव्हाचं सत्त्व सुरू केलंय, साजूक तूप घालून. पोट दुखलं की हिंग-ताक. आमच्या घरचं जुनं औषध आहे, लगेच आराम पडतो.

शर्मिला रात्री ताट वाढताना म्हणाली, "बाबा, आई म्हणत होती, तिकडे हिला यातलं काहीच होत नव्हतं."

"तिकडे शाळा नव्हती," मी म्हणालो.

"तिला वाटतं, डॉक्टरांना दाखवावं."

तिला वाटतं! इथे रोज पोरीला उठवतो मी, आंघोळ मी, डबा मी, व्हॅनपर्यंत मी. मुलगा आमोद हिंजवडीला ऑफिसात जातो, शर्मिला खराडीला, दोघंही दिवेलागणीनंतर उगवतात. आणि वाटायचं कोणाला, तर बारा किलोमीटरवरच्या आजीला. मला काय झालंय ते स्वच्छ दिसतंय. पोरीला तिकडचा लळा लावून पाठवलीय. मुलं हिरमुसली की खात नाहीत, यासाठी डॉक्टर कशाला?

२ ऑगस्ट, शुक्रवार

दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे सलोनी, आमच्याच सोसायटीतली, माझ्यासमोर लहानाची मोठी झालेली. स्पृहाचे पुढचे नवे दात आले तेच पिवळट पट्ट्यांचे, खड्डे पडलेले. मला वाटलं, चॉकलेटं. येरवड्याची.

"काका, ही कीड नाही," सलोनी म्हणाली. "हे दात हिरडीच्या आत तयार होतानाच असे झालेत. बघा ना, डावीकडे जसे तसेच उजवीकडे. हिला पोटाचा काही त्रास आहे का?"

दात बघणारीने पोट विचारलं तेव्हाच मी सावध झालो. मग उंची किती, तोंड सारखं येतं का, दमते का. उंची मी सांगितली, एकशे साडेचौदा. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे असते तेही सांगितलं. तिने रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. सिलिॲक नावाचा आजार असू शकतो म्हणे. गव्हातला एक चिकट घटक शरीराला सोसत नाही, आतडं स्वतःवरच उलटतं.

मी म्हटलं, "गव्हाने माणसं आजारी पडली असती, तर पंजाब कधीच ओस पडला असता."

"तिकडेही पुष्कळ असतात, काका," ती म्हणाली. हल्लीच्या मुलींना गप्प बसता येत नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

रक्तात निघालं होतंच, आज दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासला त्याचाही निकाल आला. सिलिॲकच. गहू, रवा, मैदा, सातू, सगळं कायमचं बंद. थोडंसुद्धा चालणार नाही, चिमूटभरही नाही. औषध कोणतंही नाही, पथ्य हेच औषध. काय टाळायचं त्याची दोन पानी यादी दिली.

पोटाचे डॉक्टर अभय म्हणून आहेत, शांत माणूस. नंदाताईही आल्या होत्या. त्यांनी पर्समधून कालनिर्णयाची पानं काढली. सत्तावीस दिवसांत स्पृहाचं पोट एकदाही दुखलं नाही, रोज साफ झालं, तोंड कधी बरं झालं, सगळं तारखेनिशी. डॉक्टर म्हणाले, "आजींचं निरीक्षण उत्तम आहे."

निरीक्षक मी, आणि निरीक्षण त्यांचं! अंगाचा तिळपापड झाला.

पुढे डॉक्टर बराच वेळ बोलत होते. हा आजार प्रत्येकात वेगळं सोंग घेतो म्हणाले. एखाद्याला जुलाब, एखाद्याला नेमकं उलटं. कोणाला नुसतंच रक्त कमी आणि थकवा, कोणाच्या कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड, कोणाची हाडं ठिसूळ, कोणाला दिवस राहतात पण टिकत नाहीत. घरातल्या जवळच्या सगळ्यांनी तपासून घ्या म्हणाले. माझं अर्धं लक्ष नव्हतं. स्पृहा नंदाताईंच्या मांडीवर डोकं टाकून बसली होती आणि त्या तिच्या केसांतून हात फिरवत होत्या, ते मी बघत होतो.

बाहेर आल्यावर आमोद म्हणाला, "मला काही होत नाही, मी कशाला तपासू?" आणि कोपर खाजवत गाडी काढायला गेला. त्याचा तो नायटा कॉलेजपासूनचा आहे. दहा मलमं झाली.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मोदक तांदळाचेच असतात, तेवढं बाप्पाने बरं केलं.

घरातला गहू वॉचमनला दिला. पिठाचे डबे फेकले. नवा तवा, नवं पोळपाट, नवी चाळणी. किराण्यातलं प्रत्येक पाकीट भिंगाखाली वाचतो. सॉस, पापड, इडलीचं तयार पीठ, कोणालाही सोडलं नाही. खात्यात असताना व्यापारी मला बघून दुकान आवरायचे, आता आमच्या वाण्याची तीच अवस्था आहे.

एवढं का करतोय, तेही लिहून ठेवतो. शर्मिला परवा म्हणाली, "चार महिन्यांनी रिपोर्ट आहे. इथे नाही जमलं, तर मी स्पृहाला घेऊन आईकडे राहीन." रागाने नाही म्हणाली. शर्मिला रागावत नाही, म्हणून तिची भीती वाटते. स्पृहा गेली तर या घरात सकाळी सातला मी उठायचं कोणासाठी?

भाकरी जमत नाही. थापताना कडेने चिरते. नंदाताईंनी फोनवर सांगितलं, "पीठ गरम पाण्यात मळा. मी येऊन दाखवू का?" मी म्हटलं, नको, येतंय मला. नाचता येईना अंगण वाकडं, असं स्वतःलाच म्हणत आज चार भाकऱ्या भाजल्या. स्पृहाने एक खाल्ली. "आजीसारखी नाहीये, पण चालेल," म्हणाली. चालेल!

२४ नोव्हेंबर, रविवार

वजन ऑक्टोबरात एकोणीस किलो पाचशेपर्यंत गेलं आणि तिथेच बसलंय. महिनाभर पोट पुन्हा दुखतंय.

मी तक्ता केला. शनिवार-रविवार ती येरवड्याला असते. तिथून येते तेव्हा ठणठणीत. सोमवारी ठीक. मंगळवारी पोट फुगतं. बुधवार-गुरुवार दुखतं. शुक्रवारी रडकुंडीला. यावरून निष्कर्ष सरळ आहे. शनिवारी तिकडे काहीतरी पोटात जातं आणि ते तीन दिवसांनी अंगावर येतं. माझ्याकडे तर गव्हाचा कणही नाही.

हिंग-ताक आता दोन वेळा देतो. चिमटीने भागत नाही, पाव चमचा घालतो. शहाणी पोर आहे, नाक दाबून पिते.

आमोदला तक्ता दाखवला. म्हणाला, "बाबा, शर्मिलाला हे दाखवू नका." म्हणजे पटलं असणार.

२२ डिसेंबर, रविवार

रिपोर्ट वाईट. रक्तातला आकडा जेवढा उतरायला हवा होता, त्याच्या पावही नाही. "कुठून तरी गहू जातोय," डॉक्टर म्हणाले. "फार नाही, पण रोज."

रोज म्हणाले ते. शर्मिलाने माझ्याकडे बघितलं नाही. घरी येऊन कपाटातून बॅग काढली. जानेवारीपासून मायलेकी येरवड्याला. सीतारामराव स्पृहाला रोज स्कूटरवर शाळेत आणणार, नेणार. या वयात, एवढ्या गर्दीतून. म्हणजे त्यांचाही त्याग आता ऐकावा लागणार.

मी शर्मिलाला म्हटलं, "आणि तिकडेच जात असेल तर?"

"मग तेही कळेल, बाबा."

आज देवापुढे बसून एक वाईट गोष्ट मागितली. एकदा, एकदाच, तिला त्यांच्या घरी आजारी पडू दे. खोडणार नाही. मागितली ते मागितली.

२० जानेवारी, सोमवार

काल भेटायला आली होती. वीस किलो दोनशे. मी काटा दुरुस्तीला टाकला.

आमोद इथेच आहे. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवतो आणि टीव्ही बोलतो. देवाजवळचं मागणं चालू आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

काल रात्री शर्मिलाचा फोन आला. स्पृहाला उलट्या, ताप. मी "अरेरे" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. सकाळी भिंग खिशात टाकलं, दोन बस बदलल्या, न सांगता येरवड्याला गेलो.

स्पृहा झोपली होती. उलट्या थांबल्या होत्या. शर्मिला औषध आणायला गेली होती. नंदाताई म्हणाल्या, "या. बसा. वर्गातली निम्मी मुलं उलट्या करतायत म्हणे, साथ आहे. पाणी देऊ?"

"पाणी नको. स्वयंपाकघर बघायचंय."

त्या बाजूला झाल्या. "बघा."

मी एकेक डबा उघडला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, तिखट, मिसळणाचा डबा. फळीवर सगळ्यात वर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक डबा सापडला. आत रवा!

"हे काय आहे?"

"रवा. शेजारच्या कौशल्याबाईंचा. त्यांच्याकडे रंगकाम चाललंय, म्हणून सामान ठेवायला दिलंय. गाठ तुम्हीच आत्ता सोडलीत."

गाठ खरंच मीच सोडली होती. पण इतक्या दूर येऊन मला रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं बोलून गेलो, "तुमच्यात काय काय खातात, आम्हाला कसं कळणार?"

नंदाताईंनी डबा माझ्या हातातून घेतला, पिशवीला पुन्हा गाठ मारली.

"लग्नाला अकरा वर्षं झाली, यज्ञेश्वरराव. आमच्या स्वयंपाकघरात आज पहिल्यांदा आलात, ते तपासणीला. बारशाला चहा पुढे केला, तर आत्ताच झाला म्हणालात. वास्तुशांतीला जेवायला बोलावलं, तर पित्त झालं होतं."

ते जातीवरून नव्हतं. आम्ही तसलं काही मानत नाही, मानत असतो तर लग्न लावून दिलं असतं का? मला खरंच पित्ताचा त्रास आहे. दर वेळी त्यांच्याकडे जायचं असलं की नेमका होतो, त्याला मी काय करू?

"उद्या मी येते," त्या म्हणाल्या. "तुमचे डबे बघायला. चालेल ना?"

"खुशाल या."

१० फेब्रुवारी, सोमवार

अकराला आल्या. चपला बाहेर काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारलं, "आत आले तर चालेल?" मुद्दाम विचारलं की सहज, कळलं नाही. मी "अहो, या ना" म्हणालो आणि कान तापले.

तासभर त्यांनी एकेक डबा पाहिला. "माझ्यापेक्षा स्वच्छ ठेवलंय," म्हणाल्या. मला वाटलं, जिंकलो.

मग म्हणाल्या, "पोट दुखलं की आजोबा ताक देतात, असं स्पृहा सांगत होती."

"हिंग-ताक. आमच्या घरचं औषध आहे."

"हिंग बघू."

मी डबी दिली. वर म्हणालोसुद्धा, "निव्वळ वजन पन्नास ग्रॅम, मी तोलून बघितलंय, चोख भरतं." त्यांनी चष्मा लावला. डबी फिरवली. वाचलं, परत वाचलं. मग एका ओळीखाली नख धरून डबी माझ्यापुढे केली.

भिंगातून अक्षरं मोठी दिसली. घटक: डिंक, गव्हाचे पीठ, हिंग.

अख्खं आयुष्य मी डब्यांवरचं वजन वाचलं. सॉस वाचला, पापड वाचले, आणि हिंग म्हणजे हिंगच, त्यात काय वाचायचं, असं धरून चाललो. रोजच्या आमटीत, भाजीत, वरणाच्या फोडणीत हिंग. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत. पोट दुखलं की ताकात पाव चमचा आणखी. जास्त दुखलं की दोन वेळा. पोरगी नाक दाबून प्यायची, आणि मी पाठीवरून हात फिरवायचो.

"तुमच्याकडे घालत नाहीत?" मी विचारलं.

"आमची फोडणी लसणाची."

मी खुर्चीत बसलो. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण तक्ते करत बसलं होतं.

त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं, माझ्याच घरात मला. मग विचारलं, "शर्मिलाला मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगितलं. नंदाताई तीन दिवस गप्प राहिल्या होत्या. मी वाट बघत होतो, त्या बोलतील आणि मला रागावता येईल. तेही सुख दिलं नाही.

शर्मिलाने ऐकून घेतलं. "तुम्हाला माहीत नव्हतं ना, बाबा," एवढंच म्हणाली. पुढचा रिपोर्ट मे महिन्यात, तोवर स्पृहा तिकडेच राहील असं ठरलं. मी मान हलवली. वाद घालायला तोंड कुठे होतं?

१६ मार्च, रविवार

हिंगाच्या प्रकरणानंतर आमोद निमूटपणे रक्त द्यायला गेला. मीही दिलं. त्याचं आलं, सिलिॲक. ना पोटदुखी ना जुलाब. नुसता तो कोपरांवरचा नायटा, तो नायटा नव्हताच. आणि कायम रक्त कमी, ते आम्ही आयटीवर ढकललं होतं. माझं रक्त स्वच्छ निघालं.

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक घराण्यातून येतं. याच्या आईला काही त्रास होता का?"

मी "नाही" म्हणालो. रिक्षात बसलो आणि मग आठवायला लागलं. आठवून आठवून संपेना.

आमोदच्या आधी नीरजाला तीनदा दिवस गेले आणि तीनदा टिकले नाहीत. आयुष्यभर लोहाच्या गोळ्या. तोंड तर सदाच आलेलं. छपन्नाव्या वर्षी न्हाणीघरात नुसती घसरली तर खुब्याचं हाड मोडलं, आणि हाडाचे डॉक्टर म्हणाले, ही हाडं नव्वदीच्या बाईची आहेत. त्यानंतर ती उठलीच नाही नीट, दोन वर्षांत गेली. ती आमच्या सगळ्यांच्या पोळ्या करायची आणि स्वतः भात घ्यायची. मी म्हणायचो, कोकणातली भातखाऊ, गव्हाची चव तुला काय कळणार! सासूपुढे, पाहुण्यांपुढे म्हणायचो. मग बिचारी एक पोळी घ्यायची.

आणि तिचे उपास. सोमवार, चतुर्थी, एकादशी, वरून अधले-मधले. मला ते आवडत नसत. माझ्याबरोबर जेवली की दुपारभर पोट धरून पडणारी बाई देवासाठी वरी-साबुदाणा खाल्ला की गाणं गुणगुणत फिरायची. मला देवाचा हेवा वाटायचा. खोटं कशाला लिहू, देवाचा. वाटायचं, माझ्यासाठी हिचं तोंड कधी असं फुललं नाही. त्या दिवशी तिच्या पोटात गहू नसायचा, हे मला कुठून कळणार? तिलाही कळलं नव्हतं. तिला वाटायचं देवच बरं करतो.

आता तपासायला तिचं काही उरलेलं नाही. खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला खात्री आहे.

१ जून, रविवार

मेचा रिपोर्ट चांगला आला. आकडा जवळजवळ उतरला. वजन बावीस किलो शंभर, उंची एकशे एकोणीस. डॉक्टरांनी स्पृहाला टाळी दिली.

शर्मिला मागच्या आठवड्यात येऊन स्वयंपाकघर बघून गेली आणि म्हणाली, "शाळा सुरू होईल, बाबा. ती इकडे आली तर आता हरकत नाही. आम्ही दोघीही येतो." मी सहा महिने ज्यासाठी झुरलो, ते वाक्य. वाटलं होतं, ऐकल्यावर उड्या मारीन.

आज आणायला गेलो. नंदाताईंनी आधी जेवायला वाढलं. भाकरी, लसणाची फोडणी दिलेली मेथी, ठेचा. पित्त झालं नाही. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीला नको म्हणताना जीवावर आलं. स्पृहा म्हणत होती तशीच आहे. माझी तशी होणार नाही.

जेवण झाल्यावर स्पृहा सीतारामरावांबरोबर खाली गेली. नंदाताई पलंगावर तिचे फ्रॉक घडी करून बॅगेत भरत होत्या. त्यांचा चेहरा मला वाचता येत होता. डिसेंबरात शर्मिला बॅग भरत होती, तेव्हा माझा असाच झाला असणार. कोणाचा चेहरा असा झालेला बघून मला बरं वाटेल, असं मला वर्षभर वाटत होतं. वाटलं नाही.

"एक बोलायचं होतं," त्या म्हणाल्या, वर न बघता. "डिसेंबरात रिपोर्ट वाईट आला, शर्मिलाने फोन केला, तेव्हा मला आनंद झाला. आधी आनंदच झाला. म्हटलं, आता ती माझ्याकडे येईल. पोरीच्या आतड्याची चाळण होतेय आणि मी चादरी बदलतेय, उशी झटकतेय. नंतर स्वतःचीच इतकी लाज वाटली की यांनासुद्धा सांगितलं नाही."

मला गप्प राहता आलं असतं. त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"मी देवाजवळ मागत होतो," मी म्हणालो. "ती तुमच्या घरी आजारी पडावी म्हणून. रोज मागायचो. फेब्रुवारीत पडली, तेव्हा मी खूश होऊन आलो होतो."

नंदाताईंनी फ्रॉकची बाही दुमडली, परत सोडली, परत दुमडली. खालून स्पृहाचा ओरडण्याचा आवाज येत होता, कोणाशी तरी पळापळी चालली होती.

"म्हणजे डॉक्टरांनी टाळायच्या यादीत," त्या म्हणाल्या, "गव्हाच्या खाली आपली दोघांची नावं लिहायला हवी होती."

मी हसलो. मग बघितलं, तर त्या हसत नव्हत्या.